बियाचा भोपळा

पैनगंगेला पूर आला की जगदेव पाठीला दोन वाळके भोपळे बांधून धारेत शिरायचा आणि वाहून चाललेली लाकडं धरून आणायचा. दसऱ्यानंतरच्या अवचित पुरातही तो असाच गेला. मागाहून त्याच्या बायकोचं, गोजराबाईचं लक्ष खुंटीकडे गेलं. बियाचा भोपळा तिथं नव्हता. दोडक्याचं बी ठेवायला तिनं एका भोपळ्याला भोक पाडलं होतं. बी पेरून झाल्यावर ते भोक शेणानं लिपलं होतं. तोच भोपळा नवऱ्यानं नेला होता. पाण्यात शेण किती टिकणार?

ती काठावर धावली. जगदेव मधोमध एका अंगावर कलला होता.

"अवं, बियाचा भोपया नेला तुमी. त्यात पाणी भरून राह्यलं. इकडं डोहात या, तिथं धार नाही."

"तिथं वाखासाठी भिजू घातलेली अंबाडी सडून राह्यली वं. अंगाले खाज सुटते."

"सुटू द्या. जीव तं राहीन."

तो वळला, पण डोहाच्या तोंडाशीच बुडू लागला. गोजराबाई त्या काळ्या, घाण पाण्यात कमरेइतकी शिरली. अंबाडीच्या भाऱ्याला धरून तिनं त्याचं मनगट पकडलं.

काठावर आल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "लाकूड गेलं ना वं हातचं."

तिनं मनगट सोडलंच नाही.