चुलतभावाचं स्टेअरिंग

उदगीरचा मल्लिकार्जुन भांड्यांचं दुकान चालवायचा आणि स्वतःला कायम शंकरप्पाच्या मापानं मोजायचा. शंकरप्पा त्याचा चुलतभाऊ, वर्षाने मोठा, मोंढ्यात धान्याचं आडत दुकान असलेला. लहानपणी शाळेत शंकरप्पाला मॉनिटर केलं, तेव्हा मल्लिकार्जुन तापानं पडला होता, असं त्याची आई हसत सांगायची. तो हसायचा नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात उदगीरचे नळही कोरडे पडले होते. मल्लिकार्जुनच्या दुकानातले पाण्याचे ड्रम टेम्पोतून उतरायच्या आत खपत. त्याच्या बोअरनं मान टाकली, शंकरप्पाच्या बोअरला मात्र पाणी राहिलं. शंकरप्पानं स्वतः येऊन सांगितलं, "आपलंच हाय, पाईप लावून घे." मल्लिकार्जुननं पाईप लावला. पण आंघोळ करताना रोज त्याला वाटायचं, आपण दुसऱ्याच्या नशिबात हात धुतोय.

शंकरप्पानं नवी गाडी घेतली, तशी त्यानंही घेतली. तेच मॉडेल, फक्त रंग लाल.

सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा लातूरच्या शोरूमचं पाण्यावाचून अडलं होतं, तारीख मिळेना. म्हणून त्यानं देगलूर रस्त्यावर मलप्पाच्या गॅरेजात ऑइल बदलून घेतलं. पुढं काही दिवसांनी स्टेअरिंग जड झालं. वळण घेताना खांदे भरून यायचे. गाडी घेऊन तो लातूरला गेला.

"तुम्ही सर्व्हिसिंग बाहेर केली," शोरूमचा मॅनेजर म्हणाला. "वॉरंटी गेली."

"ऑइल इंजिनात टाकलं साहेब, बिघडलं स्टेअरिंग. ह्याचा त्याचा काय संबंध?"

"नियम आहे."

त्याला आठवलं, शंकरप्पाचं स्टेअरिंगही असंच जड झालं होतं आणि ह्याच शोरूमनं ते फुकट बदलून दिलं होतं. परत येताना तो मलप्पाकडं थांबला.

"शंकरप्पा अण्णांच्या गाडीचं ऑइलबी मीच बदललं की," मलप्पा सहज म्हणाला. "लातूरला तारीख कुणालाच मिळत नव्हती. उदगीर जिल्हा होणार म्हनतेत, मग शोरूम हितंच येईल, ही कटकटच ऱ्हाणार न्हाई."

जिल्ह्याचं पुढचं मल्लिकार्जुनच्या कानात शिरलंच नाही. घरी आल्यावर बायको उमाबाई म्हणाली, "भाऊजींना घेऊन जावा की संगं. त्यांचं ऐकतेत तिथं."

"त्याच्या पाया पडू का?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच लातूरला गेला आणि मॅनेजरपुढं बोलून बसला, "शंकरप्पाची सर्व्हिसिंगबी बाहेरचीच हाय. त्याला कसं दिलंत?"

मॅनेजरचा चेहरा बदलला. "असं असेल तर त्यांचंही बघावं लागेल."

परतीच्या वाटेवर मल्लिकार्जुनला आधी बरं वाटलं. आपलं नाही तर नाही, त्याचंही जाईल. चाकूर मागं पडेपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. नंतर शरम वाटायला लागली, आणि शरमेपायी शंकरप्पाचाच जास्त राग आला.

संध्याकाळी शंकरप्पा दुकानात आला. मल्लिकार्जुन पातेल्यांची चळत उगीच सरळ करत राहिला.

"शोरूममधून फोन होता," शंकरप्पा म्हणाला. "तू सांगितलंस म्हनं."

"हाव."

"मला कुणी विचारलंच न्हाई, म्हणून मी बोललो न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं. उद्या दोघंबी जाऊ."

"तुझीबी वॉरंटी जाईल."

"जाऊ दे गेली तर."

शोरूममध्ये शिरताच पोऱ्यानं शंकरप्पापुढं थंड पाण्याचा ग्लास ठेवला. मल्लिकार्जुनला कुणी विचारलं नाही. शंकरप्पानं ग्लास न पिता त्याच्याकडं सरकवला. त्यानंही तो घेतला नाही.

"दोन्ही गाड्यांचं ऑइल एकाच गॅरेजात बदललं," शंकरप्पा मॅनेजरला शांतपणे म्हणाला. "दोन्हींचं स्टेअरिंग एकसारखं गेलं. ऑइलनं स्टेअरिंग बिघडतं, असं आम्हाला लिहून द्या. न्हाईतर ग्राहक मंचात जाऊ. मी आधी, हा मागून."

मॅनेजर आत जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. बाहेर आला तेव्हा त्यानं मल्लिकार्जुनची चावी मागून घेतली. पार्ट आला की फुकट बसवून देऊ म्हणाला. शंकरप्पाच्या वॉरंटीचा विषयही तिथंच मिटला.

पार्ट आला, बसला. स्टेअरिंग एका बोटानं फिरायला लागलं.

"झालं का काम?" उमाबाईनं विचारलं.

"झालं."

"भाऊजी काय बोलले तिथं?"

मल्लिकार्जुननं चप्पल काढली, पाय धुतले, पुसले. "सगळं तेच बोलले," तो म्हणाला. "मी नुसता उभा होतो."

भावानं एकदा तरी चिडायला हवं होतं, असं त्याला जेवताना वाटत राहिलं. त्यानं चार शब्द सुनावले असते, तर दोघं बरोबरीचे झाले असते.