व्याह्यांची गाडी उजवीकडे ओढते

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका तिखट कान अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल, आणि त्या कानाचा इतका गैरवापर करणारा माणूसही दुसरा नसेल. दौंड तालुक्यातल्या राहूला त्यांचं रस्त्याकडेला घर आहे आणि घरासमोरच एक दणदणीत स्पीडब्रेकर आहे. तो अपघात टळावेत म्हणून केला असं गाव समजतं. तो आपल्या सोयीसाठी केला असं व्याही समजतात, आणि तेव्हा ते गावातल्या सोसायटीचे संचालक होते हे पाहता त्यांचंच खरं असावं. सकाळी चहाची बशी घेऊन ते ओट्यावर बसतात. गाडी स्पीडब्रेकरवरून धडपडली की डोळे न उघडता निदान सांगतात, "पुढचा डावा शॉकअप गेला." एखादा भला ड्रायव्हर थांबून विचारतो. जो थांबत नाही त्याच्या धुळीकडे ते अशा करुणेनं बघतात की जणू बिचारा आता संध्याकाळ काही बघत नाही.

आमची ओळख झाली ती लेकीला बघायला आले तेव्हा. मी शिरूरला राहतो. एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर्स सांभाळून रिटायर झालेला माणूस, दारात जुनी छोटी गाडी. पाहुणे आले, मी स्वागताला फाटकात गेलो, तर मुलाचे वडील माझ्या गाडीपुढे उकिडवे बसून टायरला आतून हात लावत होते. माझा नमस्कार त्यांनी टायरच्या उंचीवरूनच घेतला. म्हणाले, "पाव्हणं, टायर आतल्या अंगानं खाल्लाय. लोअर आर्मचा बुश बघा." आणि पोहे यायच्या आत मला माझ्याच गाडीत बसवून न्हावऱ्याच्या रस्त्याला घेऊन गेले. सरळ रस्ता लागताच त्यांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. गाडी कुठे जाते ते ते बघत होते आणि मी मारुतीला साकडं घालत होतो. परत आलो तोवर पोहे गार झाले होते आणि लग्न बायकांनी ठरवून टाकलं होतं. देण्याघेण्याचं एक अक्षरही निघालं नाही. मानपानात त्यांनी एवढंच मागितलं की लग्नाआधी माझ्या गाडीचा बुश बदलून घ्यावा, कारण असल्या गाडीतून नवरी आणणं बरं दिसत नाही.

त्यांची स्वतःची गाडी मुलगा दहावीला असताना घेतलेली. मुलाचं लग्न होऊन त्याला मुलगी झाली तरी गाडी तीच. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीबद्दल त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते भर मांडवातही सांगायला ते लाजत नाहीत. "ही गाडी म्हंजी घरातली बाई बघा. वढायचं बी तिनंच, वळायचं बी तिनंच, आन् आवाज आला की बोल बी तिलाच." हे ऐकून आमच्या विहीणबाई नुसतं त्यांच्याकडे बघत. त्या बघण्यानं व्याह्यांचं पुढचं वाक्य बहुधा घशातच राही.

निदानाच्या त्यांच्या पद्धती साध्या आहेत, पण त्यात भिडेला जागा नाही. बोनेटवर दोन्ही हात ठेवून दाबायचं आणि सोडायचं. गाडी एकदा उठून गप्प बसली तर शॉकअप बरा, वाकून वाकून नमस्कार घालत राहिली तर गेला. गाडी ओढते म्हटलं की आधी हवा बघायची, मग डावीउजवीकडचे टायर अदलाबदल करायचे. ओढणं टायरबरोबर दुसरीकडे गेलं तर टायर चोर, नाही गेलं तर चोर आत आहे. मग चार मैल चालवून चाकांना हात लावायचा. जे चाक तापलेलं त्याचा ब्रेक धरून बसलाय. यात चूक काहीच नाही. फक्त हे सगळं ते दुसऱ्यांच्या गाड्यांना, न विचारता, आणि नको तिथे करतात.

आमच्याकडे दशक्रिया विधी म्हणजे निम्मी राजकीय सभाच. नदीकाठी प्रवचन होतं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. गेलेला माणूस कसा सहकारातला दीपस्तंभ होता हे, त्याला जन्मभर पाडणारे सांगतात. अशा एका दहाव्याला व्याही मंडपात दिसेनात. शोधत गेलो तर ते पार्किंगमध्ये एकेका गाडीचं बोनेट दाबत फिरत होते. एका उमेदवाराची मोठी गाडी तीनदा नमस्कार घालत राहिली. व्याह्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं साहेबांच्या कानात सांगितलं, आणि साहेब दीपस्तंभाला अर्धवट पेटता ठेवून खाली उतरून आले. त्या दिवसापासून तालुक्यातले दोन्ही गट व्याह्यांना मानतात. मत कुणीच देत नाही. पुढच्या निवडणुकीत ते पडले तेव्हा मला म्हणाले, "पॅनलचं अलाइनमेंटच गेलं हुतं." मी मान हलवली. व्याह्यापुढे मान हलवण्यापलीकडे आपल्याला काही करता येतं का?

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझ्या लेकीची बाळंतपणाची रजा संपली आणि विहीणबाई नातीला सांभाळायला पुण्याला गेल्या. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. पण दोन महिने हे मुलांच्या तोंडचं माप. पोर रांगायला लागलं, धरून उभं राहिलं, तरी ते दोन महिने काही सरेनात. व्याही एकदा जाऊन राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीच्या तळघरातल्या सगळ्या गाड्या तपासून मालकांना दारोदार निकाल कळवले. मग तिथल्या सेक्रेटरीनं जावयांना बोलावून घेतलं. त्यानंतर व्याह्यांना उसाच्या पाण्याची पाळी आठवली आणि ते राहूला परतले.

आणि थोड्याच दिवसांत त्यांची गाडी उजवीकडे ओढू लागली.

आता आपल्याकडचे रस्ते डाव्या कडेला उतरते. गाडी ओढलीच तर तिनं डावीकडे ओढावं ही रीत. ही गाडी रीत सोडून उतार चढत होती. व्याही पेटले. हवा झाली, टायरांची अदलाबदल झाली, लोअर आर्म झाले. कोरेगाव भीमाचा मेकॅनिक झाला, केडगावचा झाला. गंमत अशी की मेकॅनिक ट्रायलला शेजारी बसला की गाडी शहाण्या पोरासारखी सरळ चालायची. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही हा व्याह्यांचा बाणा, त्यामुळे मेकॅनिकला शेजारीच बसावं लागे. तो म्हणे काही नाही, व्याही म्हणत तुला काही कळत नाही, आणि चहा पिऊन दोघं वेगळे होत. मग मला फोन यायचा. "पाव्हणं, रिकामं हाय का? जरा गाडी बघाया चला." व्याह्याला नाही कसं म्हणणार? मी एस.टी.नं राहूला जायचो आणि आम्ही दिवसभर बिघाड शोधत हिंडायचो. बिघाड सापडायचा नाही, भजी मात्र जागोजाग सापडायची.

असंच एकदा भांडगावला गेलो. तिथल्या मेकॅनिकनंही सरळ चालते म्हणून हात झटकले. मी हायवेच्या कडेला पेरू घ्यायला उतरलो, आणि व्याही हवा भरायला पुढच्या पंपावर एकटेच निघाले. मी मागून बघत होतो. गाडी निघाली ती हळूहळू दुभाजकाकडे सरकायला लागली. व्याह्यांनी तिला डावीकडे घेतलं, ती पुन्हा सरकली. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस गाडी बघायला म्हणून जो तो शेजारी बसत होता, आणि शेजारी माणूस बसला की बिघाडच उरत नव्हता!

पंपावर गाठून मी त्यांना ते मोठ्या दिमाखात सांगितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या आधी निदान केलं होतं मी. वाटलं, चकित होतील, निदान वाद तरी घालतील. ते हवेचा पाइप गुंडाळणाऱ्या माणसाकडे बघत राहिले.

"ठाव हाय," म्हणाले. "दिवाळीच्या आधीपासनं ठाव हाय. मागल्या बारीला अलाइनमेंट केलं तवा तिला गाडीतच बसवली हुती. म्हणलं, रोज जेवढा लोड आसतो तेवढा पायजे. मेथी निवडत बसली हुती वर."

"मग एवढी गॅरेजं कशाला पालथी घातली?"

"गाडी बिघडली म्हणलं की माणूस येतंय शेजारी बसाया," ते म्हणाले. "करमत न्हाई म्हणलं तर येतंय का कोण?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, मग एकट्याच्या वजनावर अलाइनमेंट करून घेऊ, अर्ध्या तासाचं काम आहे. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या कुंकवाच्या धनिणीबद्दल काही अभद्र बोललोय.

"आन् ती आल्यावर?" एवढंच म्हणाले, आणि मला शेजारी बसवून शिरूरपर्यंत सोडायला आले. सगळा रस्ता गाडी सरळ चालली.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ही कणीक मळत होती. ऐकून झाल्यावर तिनं हात धुतले आणि कपाटावरची बॅग खाली काढा म्हणाली. नात काही एकट्या विहीणबाईंची नाही, आता पाळी आपली. मी म्हणालो, अगं, पण माझं काय? ती म्हणाली, "तुम्हाला कुठं कोण लागतं?" चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी तसं म्हटलं नव्हतं, पण उलटंही कधी म्हटलं नव्हतं. त्याच रविवारी ही पुण्याला गेली आणि विहीणबाई राहूला आल्या.

लेकीचं बरं चाललं होतं, व्याह्यांचं बरं चाललं होतं. मी दोन वेळा खिचडी टाकत होतो आणि टीव्हीला उलट उत्तरं देत होतो. व्याह्यांचा फोन नाही, काही नाही. म्हटलं, बरोबर आहे, डावी सीट भरली, आता पाव्हण्याची गरज काय. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मग परवा सकाळी फाटकात हॉर्न वाजला. तीच गाडी. डावीकडे विहीणबाई, मांडीवर डबा. व्याही खाली उतरले आणि कपाळाला आठ्या घालून मागच्या चाकांकडे बघत उभे राहिले.

"पाव्हणं, रिकामं हाय का? मागल्या बाजूनं कसला तरी आवाज येतोय. पुण्यापतोर मागं बसून ऐकाया माणूस पायजे."

विहीणबाईंनी खिडकीतून तोंड दुसरीकडे वळवलं. त्या हसत होत्या. मी शर्ट बदलला, हिला आवडतात म्हणून कोपऱ्यावरून पेढे घेतले आणि दार उघडून मागे बसलो.

"मधोमध बसा," व्याही म्हणाले. "न्हाईतर परत वढंल."

मी मधोमध बसलो, गुडघे पोटाशी घेऊन. रांजणगाव गेलं, शिक्रापूर गेलं. विहीणबाई पुढे "हळू" म्हणत होत्या, व्याही "हळूच हाय" म्हणत होते. मी कान देऊन ऐकत होतो. मागून कसलाही आवाज येत नव्हता. कोरेगाव भीमाचा पूल ओलांडल्यावर व्याह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, येतोय का आवाज.

"येतोय," मी म्हणालो. "पण बारीक आहे. एका फेरीत नाही सापडायचा."