जयश्रीचा जबाब

भेस्तानच्या त्या वृद्धाश्रमात जयश्रीचं सगळ्यांशी वेगवेगळं बोलणं असे. पारोळ्याकडच्या धुडकूबाबांशी ती अहिराणीत भांडायची. अकोल्याकडच्या सोनाबाई सकाळी चहा घेताना 'जय भीम' म्हणत. तीही 'जय भीम, मावशी' म्हणायची आणि मगच कप हातात द्यायची. कवळी बसवायला कोणाला मदत लागते पण मागायची लाज वाटते, हे तिला न सांगता कळे. नवरा गेल्यावर तिला इथं आयाचं काम मिळालं आणि कामाबरोबर जिन्याखालची खोली. भाऊ जवळच राहायचा, पण त्याच्या एका खोलीत यंत्रमागावरचे दोन पाळ्यांचे लूमवाले आळीपाळीनं झोपत. तिथं जयश्रीनं पाठ टेकायची कुठं?

पुरुष खाली, बायका वर. वरच्या हॉलला पत्र्याचं छप्पर होतं. कबुतरं येतात म्हणून खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं. कूलरचा पंप होळीपासून जळालेला. जयश्रीनं मॅनेजर रघुनाथभाईंना सांगितलं, परत सांगितलं. ते म्हणत, "शेठच्या कानावर घातलंय." एप्रिल सरला, मे उजाडला, पंखा गरम वारा ढवळत राहिला. धुडकूबाबा जिन्याखालून वर बघून म्हणायचे, "बायास्ना पापड व्हई ऱ्हायनात, माय." जयश्री हसायची आणि ओल्या चादरी पलंगांच्या दांड्यांवर टाकायची.

त्या दुपारी सोनाबाई जेवल्या नाहीत. काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. रेल्वे क्वार्टरच्या नळाला पाणी आलंय, बादली लाव, असं. जयश्रीनं कपाळाला हात लावला तर चटका बसला. कातडी कोरडी, घामाचा टिपूस नाही. तिला वाटलं, ताप भरला. आणि ताप भरला की काय करायचं, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तिच्या आईनं तेच केलं होतं, तिनं स्वतःच्या लेकरांना तेच केलं होतं. गोधडी घालायची, घाम फुटू द्यायचा. घाम फुटला की ताप उतरतो. तिनं पेटीतून जाड गोधडी काढली आणि सोनाबाईंना गळ्यापर्यंत पांघरली.

सोनाबाईंनी हातानं ती बाजूला सारली. "काढ गं," म्हणाल्या.

"थोडा घाम येऊ द्या, मावशी," जयश्री म्हणाली, आणि तिनं ती पुन्हा वर ओढली. कडा दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचल्या. मग ती हॉलच्या पलीकडच्या टोकाच्या पलंगावरच्या बाईला भरवायला गेली.

परत आली तेव्हा सोनाबाई हाकेला ओ देत नव्हत्या. तिच्या ओरडण्यानं रघुनाथभाई वर धावले. गोधडी त्यांनीच ओढून काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्माघात. ताप नव्हताच. दुसऱ्या दिवशी सोनाबाई गेल्या.

त्यांची मुलगी जागृती कोसाडला राहायची, साडी मार्केटात बिलिंगला होती. दर रविवारी यायची. आईला इथं ठेवल्याचं तिला कायम खुपत असे, आणि ते खुपणं ती जयश्रीच्या हातात केळी नाहीतर गजरा ठेवून हलकं करायची. तिनं पोलिसांत तक्रार दिली. मग जयश्रीला फोन केला.

"मावशी, तुम्ही फक्त कूलरचं सांगा. खिडक्यांचं सांगा. तुम्ही किती वेळा बोललात ते सांगा. बाकी मी बघते."

"हो, ताई," जयश्री म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की, जागृतीला गोधडीचं माहीतच नाही.

रघुनाथभाईंना माहीत होतं. वाईट माणूस नव्हता तो. जयश्रीला हे काम त्यांनीच दिलं होतं, तिच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिले होते. त्यांनी तिला ऑफिसात बसवलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं.

"हे बघ, जयश्री. जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न आहे. वकील म्हणतात, आजींना थंडी वाजली, त्यांनी स्वतःच गोधडी मागितली, असं तू सांगितलंस तर विषय संपतो. तुझ्यावर नाही, संस्थेवर नाही. म्हाताऱ्या माणसाची इच्छा. कूलर चालू होता म्हण, एवढंच."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर गोधडी कोणी घातली, हे मला सांगावं लागेल. शेठ काय, पत्रा आमचा असला तरी पांघरूण बाईनं घातलं, म्हणून मोकळे होतील. तू कुठं जाशील? तुझ्याच भल्याचं सांगतोय."

जयश्री जिन्याखालच्या खोलीत येऊन बसली. दोघांनाही तिच्याकडून अर्धंच हवं होतं. जागृतीचं अर्धं सांगितलं तर रघुनाथभाई दुसरं अर्धं सांगणार. रघुनाथभाईंचं सांगितलं तर ती सुटत होती, खोलीही राहत होती. ते वाक्य तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं: त्यांनीच मागितली. पण 'मागितली'पाशी आलं की तिला सोनाबाईंचा तो हात दिसे, गोधडी सारणारा. दार बंद केलं तर गुदमरायला होत होतं, उघडं ठेवलं तर जाता-येता रघुनाथभाई बघत होते.

जबाब घ्यायला पोलिसांतल्या एक बाई आश्रमाच्या ऑफिसात आल्या. रघुनाथभाईंना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. काचेपलीकडे ते उभे दिसत होते. जागृती आधीच आत बसली होती. तिनं जयश्रीसाठी शेजारची खुर्ची ओढली.

"बेसो, मासी," पोलीसबाई गुजरातीत म्हणाल्या. "हिंदी चलेगा? बोलो, क्या हुआ था?"

जयश्री कूलरचं बोलली. पत्र्याचं, खिडक्यांचं बोलली. जागृती मान हलवत होती. इथं थांबता आलं असतं.

"गोधडी मैंने डाली," जयश्री म्हणाली. "मेरे को बुखार लगा."

पोलीसबाईंचं पेन थांबलं. "उन्होंने माँगी थी?"

काचेपलीकडे रघुनाथभाई किंचित पुढे झुकले. जयश्री पोलीसबाईंकडे पाहू शकली नाही. ती जागृतीकडे वळली आणि मराठीत बोलली, कारण हे तिलाच सांगायचं होतं.

"नाही मागितली, ताई. काढ म्हणाल्या होत्या. हातानं ढकलली त्यांनी. मीच परत घातली. खोचली."

जागृतीनं खुर्चीच्या दांड्यावरचा हात उचलून मांडीवर घेतला. ऑफिसातला एसी गुरगुरत होता.

"ती ओरडली का?" तिनं विचारलं.

"नाही. गादीखाली कडा घट्ट होत्या. मी पलीकडे होते."

पोलीसबाईंनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. त्यांना मराठी कळत असावं. "तो ये भी लिखूँ?" त्यांनी जागृतीला विचारलं. "केस कमजोर हो सकता है आपका. आश्रमवाले इसी पर सब डाल देंगे."

"लिहा," जागृती म्हणाली. जयश्रीकडे तिनं पाहिलं नाही, मावशीही म्हणाली नाही. "दोन्ही लिहा. आधी कूलरचं, मग हे. ज्या क्रमानं झालं त्याच क्रमानं."

मग ती उठली आणि काचेपलीकडच्या रघुनाथभाईंना ओलांडून बाहेर गेली. पोलीसबाई लिहायला लागल्या. जयश्री बसून राहिली; ऊठ असं तिला अजून कोणी म्हटलं नव्हतं.