दादीची उशी कोणी उसवली?

फरहाना माझ्या वर्गातली. पांढरकवड्यात आमच्या घरासमोर तिच्या वडिलांचं, शकीलचाचांचं, रुई पिंजायचं आणि गाद्या भरायचं दुकान होतं. तिच्यासारखी हट्टी मुलगी मी दुसरी पाहिली नाही, आणि तिच्यासारखी फसवली गेलेलीही नाही. परक्यांनी फसवलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

तिला वाढवलं दादीनं, हुस्नाबीनं. मोहल्ल्यात बाई वारली की दफनाआधी तिला शेवटची आंघोळ, म्हणजे गुस्ल, बायकाच घालतात. ते काम हुस्नाबीकडे असायचं. बोरीचा पाला घालून उकळलेलं, मग कोमट केलेलं पाणी, वरून धरलेली चादर, आणि मयताशी बोलणं लहान लेकराशी बोलावं तसं: "आता उजवा हात दे, माय." फरहाना मोठी झाली तशी तांब्या घेऊन सोबत जाऊ लागली. काम झालं म्हणून दोघी उठून यायच्या नाहीत. ज्याला रडू फुटत नसेल त्याला रडतं करायच्या, जेवत नसेल त्याला दोन घास भरवायच्या. माझी आजी तुळसाबाई गेली, तेव्हा आमच्या बौद्ध घरातला विधी वेगळा असूनही फरहाना रोज माझ्या आईला चिकटून बसायची.

हुस्नाबीनं तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. "माह्यं गुस्ल तूच दे. दुसऱ्या बाईचा हात नोको." फरहाना लग्न होऊन पुसदला निघाली तेव्हाही दोघींचं शेवटचं बोलणं हेच झालं.

दोन हजार सहा सालची गोष्ट. कापसाचा भाव पडलेला, खेड्यापाड्यातली लग्नं पुढं ढकललेली, आणि लग्नच नाही तर नवी गादी कोण भरतो? चाचांचं यंत्र बहुतेक बंदच असायचं. इकडे फरहानाला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सातव्या महिन्यात तिला न्यायला कोणी आलं नाही. चाचा फोनवर म्हणाले, "इथं चिकनगुनिया हाय. घरोघरी मानसं पडेल हायेत. तू तिकडंच राह्य." दादीला फोन द्या म्हटलं की दादी झोपलेली असायची, नमाज पढत असायची, नाहीतर तिचे सांधे धरलेले असायचे. फोन शेजारच्या किराणा दुकानातला. म्हाताऱ्या बाईला तिथवर चालवत आणा, असं तरी फरहाना किती वेळा म्हणणार?

मी तेव्हा वणीला सासरी होते. मलाही कोणी काही कळू दिलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

फरहानाला पुसदलाच मुलगी झाली. तिचा भाऊ जीशान बाळासाठी छोटी गादी आणि इवलीशी उशी घेऊन आला. फरहानानं उशी हातात घेतली, दाबून पाहिली आणि नाकाशी नेली. आत शेतातली रुई नव्हती. सावरीचा मऊ, निसटता कापूस होता आणि त्याला ओव्याचा वास येत होता. त्यांच्या घरात असा कापूस एकाच उशीत होता. हुस्नाबीनं सावर स्वतः रानातून वेचून आणली होती, सर्दीसाठी त्यात ओवा घातला होता, आणि त्या उशीला ती कोणाला हात लावू देत नसे. पणजीची माया पणतीला मिळावी म्हणून चाचांनी ती उसवली. आपली लेकही पिंजाऱ्याच्याच घरात वाढली आहे, एवढं मात्र ते विसरले.

"दादीची उशी कोनं उसवली?" तिनं विचारलं, आणि जीशान रडायलाच लागला.

हुस्नाबीला जाऊन तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. सासू नको नको म्हणत असताना ओली बाळंतीण लेक घेऊन एसटीत बसली आणि पांढरकवड्याला आली.

"पोटुशीनं मयत पाहू नये म्हनतात, बेटा," चाचा म्हणाले. "तुह्या जिवाले काही झालं असतं तर?"

"अब्बा, तुम्ही पोटात व्हता तवाही दादी गुस्ल द्यायले जायची. तुमाले काही झालं काय?"

मग तिनं अम्मीला विचारलं, "पानी कोमट व्हतं का?"

अम्मीला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या मोहल्ल्यातून एक बाई आणली होती आणि ती घाईत होती, एवढंच तिला आठवत होतं. तेव्हा कुठं फरहाना ओक्साबोक्शी रडली.

रडून झाल्यावर तिनं घराकडे पाहिलं. अम्मी वाळून गेली होती. दुकानाला कुलूप होतं, दादीच्या साड्या दोरीवर तशाच होत्या. लेकीला कळू नये म्हणून या घरानं धड शोकसुद्धा केला नव्हता. रडू आलं की दार लावायचं, तिचा फोन आला की हसून बोलायचं. लोकांच्या घरी जे करायची तेच फरहानानं इथं केलं. बापाला समोर बसवून दादीच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलतं केलं, अम्मीला हातानं भरवलं, साड्या धुऊन गरजू बायांना वाटल्या, जीशानला दुकान उघडायला लावलं. मी भेटायला गेले तेव्हा चाचा पुन्हा गादी शिवत होते, आणि मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

"माफ केलंस ना त्यांना?" मी हळूच विचारलं.

"रोटी भरवली म्हंजे माफ केलं काय, दीपमाला? परक्याइच्या घरी मले बोलावनं येते. माह्याच घरी मले कोनं बोलावलं नाही."

तिचा राग मला पटला. तो अजूनही पटतो. मायेपोटी केलं, मायेपोटी केलं, असं गल्लीतले सगळे म्हणत होते, पण दादीनं काय मागितलं होतं हेही त्या सगळ्यांना माहीत होतं.

थंडी पडल्यावर ती पुसदला परत निघाली. मी निरोप द्यायला गेले होते. लेकीला दुपट्यात गुंडाळून तिनं ती छोटी उशी पिशवीत नीट ठेवली. अम्मी तिचा हात सोडेना.

"माह्या वक्ताले तूच ये वं, बेटा," अम्मी म्हणाली. "तुह्याच हातचं पानी पाह्यजे मले."

"येईन ना, अम्मी," फरहाना म्हणाली. "पन मले सांगन कोन?"