बाजूच्यानं द्यायची हजेरी

रामटेके गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर पोरांना खिचडी वाढत होते. फोन त्यांच्या मुलीचा होता, चिमूरजवळच्या त्यांच्या गावाहून. "बाबा सकाळी गेले, ताई," एवढंच ती म्हणाली आणि रेंज गेली. पर्लकोटा नदीला पूर होता, भामरागडहून पुढे जायचा रस्ता दोन दिवसांपासून बंद, म्हणजे शेवटचं तोंड पाहणंही नशिबात नव्हतं. मी फोन ओढणीत बांधला आणि वाढत राहिले. कोणाला किती वाढलं, ते आठवत नाही. आता महिना होऊन गेलाय, तरी लिहायला बसले की हात थांबतो...

दहा वर्षांपूर्वी मी या दोनशिक्षकी शाळेत रुजू झाले, तेव्हा गुरुजींची इथे हयात गेली होती आणि माझ्या डोक्यात शिस्तीचं वारं भरलेलं होतं. मी घुग्घुसची. बाप कोळसा खाणीत, त्यामुळे आमच्या घरी उठणं, जेवणं आणि मार खाणं सगळं भोंग्यावर चालायचं. गुरुजींची हजेरी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आवरेना. ते नाव एकाचं घ्यायचे आणि उत्तर द्यायचं बाजूला बसलेल्यानं. "लालसू आला, पण त्याच्या पायात काटा गेला." "चिन्नी नाई आली, आईसोबत मोहा वेचाले गेली." नुसतं आला-गेला चालायचं नाही, बाजूच्याची काहीतरी खबर सांगावी लागे, म्हणून पोरं वाटेतच एकमेकांची विचारपूस करत यायची. अर्धा तास त्यातच जाई. मी एकदा म्हटलं, गुरुजी, अशानं अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा? ते चष्मा पुसत म्हणाले, "होते जी बाई, होते." बस. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि मला तर वादाशिवाय जेवण पचत नसे.

मग गुरुजी आठ दिवस प्रशिक्षणाला गेले आणि शाळा माझ्या एकटीच्या हाती आली. उतावीळपणाला मुहूर्त लागत नाही. पहिल्याच सकाळी मी फर्मान काढलं, की आपली हजेरी आपणच द्यायची, उभं राहून, "हजर बाई" म्हणायचं, आणि जो बोलणार नाही तो गैरहजर. दुसरीत बुधरी नावाची मुलगी होती. घरी माडिया बोलणारी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. तिची हजेरी रोज तिच्या बाजूची मंगला द्यायची. मी बुधरीचं नाव घेतलं, ती उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मंगला म्हणाली, "आली नं बाई, माझ्या बाजूलेच हाय." मी मंगलाला खाली बसवलं आणि समोर उभ्या असलेल्या पोरीपुढे लाल पेनानं गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी बुधरी खरंच आली नाही. चौथ्याही दिवशी नाही. आणि ती का आली नाही, हे मला कोणी सांगितलंही नाही, कारण बाजूच्याची खबर सांगायची नाही, हा नियम मीच केला होता. बुधरीचं नाव घेतलं की नुसती शांतता. वर्ग इतका शिस्तीत कधीच बसला नव्हता, आणि मला त्या शांततेची भीती वाटायला लागली.

गुरुजी परत आले, रजिस्टर चाळलं आणि सगळं समजून घेतलं. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पोर तुमच्या डोळ्यासमोर उभी होती नं बाई? मग वहीत काऊन नाई आली?" शाळा सुटल्यावर ते मला घेऊन बुधरीच्या टोल्याकडे, तिच्या वस्तीकडे निघाले. मध्ये नाला होता, गुडघ्याच्या वर पाणी. त्यांनी आधी काठीनं तळ चाचपला आणि मगच मला पाऊल टाकू दिलं. बुधरी अंगणात कोंबडीची पिल्लं राखत होती. आम्हाला पाहताच बापाच्या मागे गेली. मी माफी मागायचं वाटभर घोकलं होतं, पण माडिया मला येत नव्हती आणि मी नुसती ओले कपडे पिळत राहिले. तेव्हा गुरुजी माझ्या बाजूला उभे राहून माडियात काहीतरी बोलले. बाप हसला. बुधरीनं बापाच्या आडून माझ्याकडे एकदा पाहिलं. परतताना मी विचारलं, काय सांगितलंत? ते म्हणाले, "तुमची हजेरी देल्ली. म्हणलं, ही बाई आली हाय. चुकली म्हणून लाजून राह्यली, तिच्यानं बोलवत नाई."

दुसऱ्या दिवशी बुधरी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आली, मंगलाच्या बाजूला बसली, आणि मंगलानं तिची हजेरी अशी ठणकावून दिली की बाहेरची शेळी बिचकली. पुढे हिवाळ्यात एकदा मंगला आली नव्हती. मी नाव घेतलं आणि सवयीनं पुढे जाणार तोच बुधरी उभी राहिली. "मंगली नाई आली. ताप हाय. म्या पाह्यलं." वर्गातली तिची ती पहिली मराठी वाक्यं. मी फळ्याकडे तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते. गुरुजींना सांगायला पळत पलीकडच्या वर्गात गेले, तर ते म्हणाले, मग ताप पाहाले जाऊ नं आपण.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझ्या रजिस्टरात यादीच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलं, 'बाई'. सरकारी रजिस्टरात असलं काही लिहायचं नसतं. तपासणी असली की मी ते खोडते आणि साहेबांची गाडी वळली की परत लिहिते. माझ्या खुर्चीजवळ जो बसेल त्यानं माझी हजेरी द्यायची, असा रिवाजच पडून गेलाय. बहुतेक वेळा "बाई आल्या, नवी साडी हाय" एवढ्यावर भागतं.

गुरुजी गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चेहरा धुऊन, केस नीट विंचरून वर्गात गेले. पोरांना काही कळू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. हजेरी घेतली, सगळ्यांच्या खबरी ऐकल्या आणि तळाचं ते एक नाव सोडून रजिस्टर मिटलं. खुर्चीजवळ दुसरीतली रजनी बसली होती. ती उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमचं नाव राह्यलं." मी म्हटलं, राहू दे आज. ती काही बसेना. माझ्याकडे नीट पाहत तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं, "बाई आल्या. लय रडून आल्या. पण आल्या."

मी रजिस्टर परत उघडलं आणि त्या पेन्सिलीच्या नावापुढे हजेरी मांडली.