टाकेमास्तरांची उसवण

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या माणसाला सगळे टाकेमास्तर म्हणत. खरं नाव ठाऊक होतं ते हजेरीपटाला. हातात दाभण, डावीकडे खळीचा वाडगा आणि ओठांवर कायम एकच पैज. "माझा टाका सुटलेला दाखवा, मिशी उतरवून देईन."

त्यांच्या हातचं सगळ्यात मोठं काम म्हणजे वर्तमानपत्रांचे खंड. शहरातलं जुनं दैनिक कधीच बंद पडलं होतं आणि त्याचे अंक फक्त इथेच उरले होते. सहा सहा महिन्यांचा एक असे एकशे चाळीस खंड मास्तरांनी शिवले होते, तेही असे घट्ट की उघडताना वाचकाला कोपराने दाबून धरावं लागे. कुणी कुरकुर केलीच तर मास्तर म्हणत, "सैल शिवलं असतं तर आज वाचायला काय मिळालं असतं? चिंध्या!"

मग नव्या ग्रंथपालबाई आल्या. मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण कामाला वाघ. त्यांनी आल्या वर्षीच दोन कॅमेऱ्यांचं एक यंत्र आणवलं. त्याखाली पान ठेवलं की फोटो निघायचा, संगणक त्यातली अक्षरं ओळखायचा, आणि मग घरबसल्या कुणीही शब्द टाकून जुनी बातमी शोधू शकायचा. पहिल्या दहा खंडांचे फोटो निघाले आणि बाई मागच्या खोलीत आल्या.

"मास्तर, एक अडचण आहे. शिवणीजवळचा रकाना काळा येतो. खंड सपाट उघडतच नाहीत."

"मग?"

"उसवावे लागतील."

मास्तरांनी दाभण खाली ठेवलं. "बाई, मला घरी बसवा. पण माझ्या हाताने माझंच काम उसवणार नाही. दुसऱ्या कुणी हात लावला तर पानाचा भुगा होईल, हेही सांगून ठेवतो."

बाईंनी वाद घातला नाही. यंत्रावर कापड पडलं, आणि पुढचे दोन महिने दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत राहिले.

अशातच एक दिवस पन्नाशीची एक बाई आली. शाळेत शिक्षिका होती. म्हणाली, "माझ्या आईला हल्ली काही आठवत नाही. मला सुद्धा कधी कधी 'तुम्ही कोण?' विचारते. पण एक गोष्ट दिवसातून दहादा सांगते. अकरा वर्षांची असताना तिने नदीतून दोन मुलं ओढून काढली आणि पेपरात तिचं नाव आलं. भाऊ म्हणतो, म्हातारीच्या मनाचे खेळ आहेत. घरात सगळे तिला हसतात. मला एकदा बघायचंय, खरं काय ते."

ग्रंथपालबाईंनी संगणकात, तिथे होत्या त्या दहा खंडांत, शोधलं. काहीच नाही.

मास्तर दारातून ऐकत होते. त्यांना राहवलं नाही. "साल कोणतं?"

"आई म्हणते, नवा पूल झाला त्या पावसाळ्यात."

मास्तर थेट कपाटाकडे गेले, खंड काढला आणि पान पान उलटू लागले. पाऊण तासाने बोट थांबलं. तिसऱ्या पानावर, अगदी आतल्या रकान्यात, 'नदीत बुडणाऱ्या' एवढे शब्द दिसत होते. पुढची अर्धी ओळ शिवणीत गेली होती. खालची ओळ 'शाळकरी मुलगी' इथे तुटली होती. मास्तरांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, डोळा पानाला भिडवला, बॅटरी लावून पाहिली. नाव दिसेना.

"आहे ना हो?" शिक्षिकेने विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. "पण मीच गिळलंय ते. उद्या फोन करतो."

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको कपडे दुरुस्त करून द्यायची, कुणाचं सैल, कुणाचं आखूड. त्या वेळीही मांडीवर कुणाचा तरी कोट होता. सगळं ऐकून ती म्हणाली, "माझा अर्धा जन्म उसवण्यात गेला. मला कधी कमीपणा वाटला? उसवल्याशिवाय अंगाला बसतं का काही? आणि उसवायला शिवण्यापेक्षा जास्त हात लागतो. लागेल का तुम्हाला, तेवढं बघा."

मास्तर चिडून उठले. पण सकाळी निघताना तिच्या डब्यातलं बारीक टोकाचं उसवणीचं हत्यार त्यांनी खिशात टाकलं.

त्या खंडाला चार तास लागले. खळ ओल्या फडक्याने मऊ करायची, पाठीचं कापड सोलायचं, मग एकेक टाका कापून दोरा ओढायचा. हात जरा चुकला असता तर पान गेलं असतं. शेवटी तिसरं पान मोकळं झालं. बाई शेजारी उभ्या होत्या. दोघांनी मिळूनच वाचलं. चौदा ओळी होत्या. मुलीचं नाव होतं, वय होतं अकरा, आणि पाण्यातून काढलेल्या दोन मुलांची नावंही होती.

मास्तरांनी कापलेला दोरा गोळा केला. मग म्हणाले, "बाई, ते कापड काढा यंत्रावरचं. आणि बटण कुठलं दाबायचं ते दाखवा."

मास्तरांनी शिक्षिकेला फोन केला आणि बाईंनी त्या पानाचा फोटो तिला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला. बोलता बोलता ती मधूनच हसत होती. भावाला बोलावून तिने आईसमोर बातमी वाचून दाखवली होती. आईने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चुकीचं छापलंय. मुलगी मीच, पण बूट एक हरवला होता, ते लिहिलंच नाही!" भावाने पुढे होऊन आईचे पाय धरले, आणि आईने त्याला विचारलं, "तुम्ही कोण?"

एकशे चाळीस खंड उसवायला मास्तरांना पावणेतीन वर्षं लागली. सुरुवातीला माऊस त्यांच्या हाताखाली उंदरासारखाच पळायचा. पुढे पुढे ते स्वतः फोटो काढून, संगणकाने चुकीची वाचलेली अक्षरं दुरुस्त करू लागले. पानं पुन्हा शिवली, पण या वेळी सपाट उघडतील अशी, थोडी सैल. बाईंनी त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी एक टेबल मांडलं, आणि जुनं काही शोधायला येणारी माणसं तिथे बसू लागली. कुणाला आजोबांच्या दुकानाची जाहिरात हवी असे, कुणाला शाळेच्या निकालाची यादी.

आपले जुने टाके कापताना वाईट वाटायचं का, असं टेबलाशी आलेल्या एकीने त्यांना विचारलं.

"वाटायचं की," मास्तर म्हणाले. "पहिल्या वीसेक खंडांना फार वाटलं. मग कामच एवढं होतं, वाटायला वेळ कुठला?" आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी तिला साल विचारलं.