आल्प्सच्या किल्ल्याची पहिली पायरी

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या चौथ्या प्रवाशाला राष्ट्रीय सन्मान मिळावा, अशी माझी गंभीर मागणी आहे.

आज त्याच अवस्थेत अशोकचा व्हिडिओ कॉल आला. अशोक म्हणजे गड चढण्यातला माझा जुना जोडीदार, सध्या मुलाकडे ऑस्ट्रियात. त्याच्या मागे आल्प्सचा बर्फ आणि कड्यावर किल्ला. तिथे आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं.

"अरे, सवयीने पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला, तर गार्डला वाटलं माझं काहीतरी पडलं. तोही वाकून शोधायला लागला!"

"मग सापडलं काय त्याला?"

"घंटा! आता महायुद्धातला दुर्ग बघायला चाललोय. डोंगर पोखरून तोफा बसवल्यात. तू हवा होतास रे."

रिक्षावाला मध्येच म्हणाला, "दोस्त को बोलो, वापस आ जाए."

"मुलगा म्हणतोय, आता इथेच राहा," अशोक म्हणाला.



मंडळी, लांब गेलेल्या जोडीदाराला तुम्ही परत कसं बोलावता?

त्याचे ट्रेकचे बूट मागून घेऊन मी माहुली गडावर घातले आणि उसवून ठेवले होते. आज शिवून घेतले आणि परत आला की लागतील म्हणून त्याच्या भावाकडे ठेवून आलो.